तीन ओळींची चिठ्ठी

६ सप्टेंबर, शनिवार

चर्चच्या दाराशी असलेल्या लाकडी पेटीची किल्ली आज माझ्याकडे आली. पाळकसाहेब म्हणाले, "काका, मध्यस्थीच्या चिठ्ठ्या आता तुम्हीच बघा." वयाने ते माझ्या मुलीएवढे. काका म्हणतात आणि काम मात्र साहेबासारखं सांगतात.

काम असं. कुणासाठी प्रार्थना हवी असेल तर लोक आठवडाभर पेटीत चिठ्ठ्या टाकतात. शनिवारी पेटी उघडायची, चिठ्ठ्या नीट करायच्या, रविवारी उपासनेत उभं राहून वाचायच्या. प्रत्येक चिठ्ठीनंतर मंडळी म्हणते, "प्रभो, आमची विनंती ऐक." आधी हे काम ज्या बाईंकडे होतं त्या सगळं जसंच्या तसं वाचायच्या. एका चिठ्ठीत सासूची तक्रार, पुढच्या चिठ्ठीत सुनेचं उत्तर. मागच्या महिन्यात हा प्रकार एकवीस मिनिटं चालला आणि पहिल्या बाकावर कर्नल घोरायला लागले. कर्नल हे नुसतं नाव पडलंय. शाळेत कवायत शिकवायचे, बंदूक कधी धरलेली नाही.

माझ्याकडे काम यायचं कारण उघड आहे. एकतीस वर्षं मी वर्तमानपत्राच्या छोट्या जाहिरातींच्या खिडकीवर बसलो. निधन, हरवले, पाहिजे, विकणे आहे. माणसं दोन पानं लिहून आणायची, मी चार ओळी करून द्यायचो. एका विधवेने नवऱ्याबद्दल लिहून आणलं होतं, अत्यंत प्रेमळ, मनमिळाऊ, सदा हसतमुख. म्हटलं, बाई, यातलं एकच ठेवा. तिने पुष्कळ विचार केला आणि तिन्ही काढून टाकले.

तर नियम ठरवला. एक चिठ्ठी, तीन ओळी. गठ्ठे दोन, विनंती आणि आभार. हे गठ्ठे मात्र जुनेच आहेत. ज्याचं काम झालं त्याची चिठ्ठी विनंतीतून आभारात जाते आणि आभारात गेलेली परत येत नाही. एकदा आभार मानले की विषय मिटला.

मूळ मजकूर मी या वहीत उतरवून ठेवणार. खिडकीवरची सवय. उद्या कुणी म्हणालं की मी असं लिहिलंच नव्हतं, तर दाखवता यायला हवं.

७ सप्टेंबर, रविवार

सहा मिनिटं चाळीस सेकंद. कर्नलनी मनगट वर धरून घड्याळ दाखवलं आणि मान डोलावली. सचिव येऊन हात मिळवून गेले. एकूण काम फत्ते.

घरी आल्यावर हिला विचारलं, कसं झालं? म्हणाली, "छान झालं. देवाला गाडी पकडायची होती बहुतेक." हिचं हे असंच. बेचाळीस वर्षं झाली, सरळ कौतुक म्हणून तोंडातून निघत नाही. आणि स्वतः आजवर एक चिठ्ठी त्या पेटीत टाकलेली नाही.

११ सप्टेंबर, गुरुवार

ऑर्गनवाल्या बाई घरी आल्या होत्या. त्यांची भाची पॅलेस्टाईनजवळच्या एका मोठ्या हॉस्पिटलात नर्स आहे. जवळच्या म्हणजे मधे जी उंच भिंत बांधलीय तिच्या अलीकडच्या. पलीकडून येणाऱ्या आजाऱ्यांना दर वेळी परवाना काढावा लागतो, तपासनाक्यावर तो दाखवावा लागतो. तिथल्या एका आईने सांगितलेलं भाचीने आपल्या भाषेत लिहून पाठवलंय. मूळ असं:

"माझी मुलगी सात वर्षांची आहे. तिच्या रक्तात आजार आहे. औषध भिंतीच्या त्या बाजूला मिळतं. आमच्या घरातून ते हॉस्पिटल दिसत नाही, पण त्याच्या गच्चीवरचा लाल दिवा दिसतो. दोन वेळा आम्हाला जाऊ दिलं. तिसऱ्या वेळी कारण न सांगता अडवलं. हा अन्याय आहे. याला अन्याय म्हणणारं कुणी आम्हाला भेटत नाही, सगळे अडचण म्हणतात. सिस्टर म्हणते की तुम्ही दुसऱ्यांसाठी मागणारी माणसं आहात. तर एवढं मागा, की माझ्या मुलीला जाता यावं आणि मला तिच्यासोबत जाता यावं. सुई टोचताना ती माझा अंगठा धरते. दुसऱ्या कुणाचा धरत नाही."

बाई वाचत होत्या तेव्हा ही चहा घेऊन दारातच उभी राहिली. चहा निवला. मी म्हटलं, अगं आण ना.

१३ सप्टेंबर, शनिवार

चौदा चिठ्ठ्या. गुडघे चार, परीक्षा तीन, नोकरी दोन, बाकी किरकोळ.

आईच्या पत्रावर बराच वेळ गेला. गच्चीवरचा दिवा काढला. वाईट वाटलं, पण दिव्यासाठी प्रार्थना नव्हती. अंगठाही काढला, तो ऐकून अर्धी मंडळी रडायला लागली असती आणि पुढचे गुडघे कुणी ऐकले नसते. सचिव आले होते, त्यांनी खांद्यावरून वाचलं. म्हणाले, "अन्याय वगैरे नको हं. आपल्यात दोन्ही बाजूंची माणसं आहेत. उपासनेत राजकारण शिरलं की निस्तरता निस्तरत नाही." मला स्वतःला तो शब्द खुपला नव्हता, पण शेवटी सचिवांशी रोज गाठ आहे. तिथे 'अडचण' टाकलं. झालं ते असं:

"पॅलेस्टाईनमधल्या सात वर्षांच्या एका आजारी मुलीसाठी. उपचारांना जाण्यात अडचण येत आहे. तिला परवाना मिळावा."

तीन ओळी, एक शब्द जास्त नाही. हिला वाचून दाखवलं. तिने विचारलं, "आणि आई?"

म्हटलं, सात वर्षांची मुलगी म्हटल्यावर आई आलीच की. ती काय एकटी चालत जाणार आहे?

"तुम्हाला माहीत," म्हणाली आणि कपडे वाळत घालायला गेली.

१४ सप्टेंबर, रविवार

वाचलं. "प्रभो, आमची विनंती ऐक" नेहमीपेक्षा जरा मोठ्याने आलं असं वाटलं.

नंतर पायऱ्यांवर कर्नलनी गाठलं. "ती मुलगी आपल्यातली आहे का?"

म्हटलं, नाही. मुसलमान असावी.

"मग आपण तिच्यासाठी मागायचं?"

माझं डोकं सटकलं. म्हटलं, कर्नल, मागच्या रविवारी तुमच्या कुत्र्यासाठी मागितलं, तेव्हा त्याचा बाप्तिस्मा झाला होता का? ते एक पायरी खाली उतरले. मग म्हणाले, "कुत्रा बरा आहे आता." म्हटलं, आनंद आहे, आभारात टाकतो.

१७ सप्टेंबर, बुधवार

रोज सकाळी फिरायला जातो तेव्हा ती चिठ्ठी मनात म्हणतो. पाठच झालीय. माझी प्रार्थना कधी लांबत नाही, देवाला माहीत असलेली गोष्ट त्याला परत सांगायला मला संकोच वाटतो. पण या मुलीचं म्हणता म्हणता पाण्याच्या टाकीपासून पोस्टापर्यंत कसा पोचतो कळत नाही.

इतक्या लांबच्या कुणासाठी मी आजवर मागितलेलं नव्हतं. पोहोचतं का, हे कुणाला विचारावं?

२१ सप्टेंबर, रविवार

पुन्हा वाचलं. परवाना नाही. भाचीचा निरोप की मुलीच्या अंगावर निळे डाग उठलेत. उशीर चालणार नाही.

घरी टीव्हीवर तिकडचंच काहीतरी दाखवत होते, पडलेली घरं, धूळ, पाण्यासाठी डबे घेऊन उभी असलेली मुलं. हिने आवाज बंद केला पण चित्र चालू ठेवलं. आम्ही दोघं ते तसंच बघत बसलो.

२४ सप्टेंबर, बुधवार

आला. परवाना आला. ऑर्गनवाल्या बाईंचा सकाळी फोन. मुलगी परवा तपासनाका ओलांडून हॉस्पिटलात पोचणार.

मी हातातला ब्रश तसाच धरून अर्ध्या दाढीने हिच्याकडे धावलो. हिने दोन्ही हात तोंडावर ठेवले. मग पदराने डोळे पुसले आणि म्हणाली, "आधी ती दाढी पूर्ण करा, भूत दिसताय."

एवढा आनंद मला निवृत्तीच्या दिवशीही झाला नव्हता. मी मागितलं आणि मिळालं. म्हणजे आपण सगळ्यांनी. पण शब्द माझे होते, हे या वहीत लिहायला हरकत नाही.

२८ सप्टेंबर, रविवार

आभाराची चिठ्ठी पहिली घेतली. "पॅलेस्टाईनमधल्या सात वर्षांच्या मुलीला परवाना मिळाला. ती हॉस्पिटलात पोहोचली. प्रभूचे आभार." मंडळीने टाळ्या वाजवल्या, जे आमच्यात सहसा होत नाही. ऑर्गनवाल्या बाईंनी मनानेच एक कडवं जास्त वाजवलं. त्यांचे डोळे लाल होते, मला वाटलं आनंदाने.

मूळ चिठ्ठी मी विनंतीच्या गठ्ठ्यातून काढून आभारात ठेवली.

२९ सप्टेंबर, सोमवार

बाई संध्याकाळी आल्या आणि बसल्या पण नाहीत. काल सकाळीच त्यांना भाचीचं लांब पत्र आलं होतं. "तुम्ही सगळे एवढे खूश होतात, माझ्याने बोलवलं नाही," म्हणाल्या.

परवाना मुलीचा आला. आईचा नाकारला. कारण दिलेलं नाही. बापाचा तर आधीपासूनच नाकारलेला आहे. शेजारची एक म्हातारी, तिला दोन दिवसांचा दिला, ती मुलीला सोडून परत गेली. आता मुलगी तिथे एकटी आहे. उपचार सहा आठवड्यांचे. भाचीने लिहिलंय, "दार वाजलं की ती बघते. दिवसात किती वेळा वाजतं हे मला आता कळलं. सुई टोचताना मी हात पुढे केला. तिने आपले दोन्ही हात पाठीमागे लपवले."

बाई गेल्यावर मी वही काढली आणि मूळ पत्र काढलं. मग माझी चिठ्ठी शेजारी ठेवली.

"तिला परवाना मिळावा."

तिला मिळाला.

१ ऑक्टोबर, बुधवार

मला माहीत आहे की देव जाहिरातींच्या खिडकीवर बसत नाही. तो ओळी मोजून देत नाही. हे मी सकाळपासून स्वतःला समजावतोय. एखाद्या पोराला सांगावं तसं सांगतोय आणि ते पोर ऐकत नाही.

दीडशे माणसं दोन रविवार एका आवाजात म्हणाली, मुलीला परवाना मिळावा. आईचं नाव कुणीच घेतलं नाही, कारण मी घेऊ दिलं नाही. ती दूर बसून सगळ्यांना सांगत असेल, त्या लोकांनी माझ्यासाठी मागितलंय.

२ ऑक्टोबर, गुरुवार

हिच्याशी भांडण. खरं तर ती भांडली नाही, मीच भांडलो. म्हटलं, तुला तेव्हा एवढं खटकलं होतं तर जोर लावून का नाही बोललीस?

ती भाजी निवडत होती. हात थांबवले नाहीत. म्हणाली, "आपली पोर हॉस्पिटलात होती तेव्हा मी एकवीस दिवस त्या बाकावर होते. तुम्ही पाच ते साडेपाच यायचात."

म्हटलं, एकालाच राहू देत होते. आणि खिडकी कोण सांभाळणार होतं?

"मी कुठे काय म्हणतेय," म्हणाली. "एकाला राहू देत होते. मला राहू दिलं. एवढंच आठवलं."

हे आत्ता कुठून काढलं, मला समजलं नाही. त्याला तीस वर्षं झाली. मुलगी ठणठणीत आहे, दर रविवारी फोन करते. बहुतेक वेळा हिलाच करते.

४ ऑक्टोबर, शनिवार

पाळकसाहेबांना जाऊन सगळं सांगितलं. ते पुष्कळ वेळ ऐकत होते. मग म्हणाले, "काका, देव शब्द मोजत नाही."

म्हटलं, मग आपण कशाला मोजतो?

ते म्हणाले, "तुमच्या त्या ओळीमुळे तिचा परवाना नाकारला गेला नाही. तो माणसांनी नाकारला. ज्यांनी नाकारला त्यांचा दोष तुम्ही स्वतःवर घेऊ नका, त्यांना ते सोयीचं होईल." शहाणा माणूस आहे. त्या वेळी पटलं होतं. पायऱ्या उतरेपर्यंत निसटलं.

नवी चिठ्ठी घालतो म्हटलं, तर सचिव म्हणाले, "त्या विषयाचे आभार झालेत ना? मंडळीला वाटेल आपण दिलेलं परत मागतोय." पुष्कळ घासाघीस केल्यावर एक ओळ मिळाली.

५ ऑक्टोबर, रविवार

"त्या मुलीच्या आईलाही परवाना मिळावा." मागे कुणीतरी कुजबुजलं, "ते झालं ना?" एक जण म्हणाला, "आता आई पण?" मी पुढचा गुडघा वाचला.

८ ऑक्टोबर, बुधवार

त्या आईला पत्र लिहिलं. भाची वाचून दाखवेल. सगळं लिहिलं, मूळ काय होतं, मी काय काढलं, कुणाला घाबरून कुठला शब्द बदलला. चार पानं झाली. ही समोर बसली होती. म्हणाली, "आता कापा की."

एक शब्द कापता येईना. उघडपणे सांगतो, मला क्षमा हवी आहे म्हणून मी हे पत्र लिहिलं. त्या बाईचं त्यात काय भलं होणार होतं? जिचं पोर भिंतीपलीकडे आहे तिने माझी समजूत काढायची, असा हा मामला. तरी पाठवलं.

१२ ऑक्टोबर, रविवार

नकार. आईचा अर्ज दुसऱ्यांदा नाकारला.

मुलीचा ताप उतरत नाही. भाची ड्यूटी संपल्यावरही तिच्याजवळ बसते. आई रोज संध्याकाळी फोनवर दिसते, पण फोनमधली आई हात लावता येणारी नाही म्हणून मुलगी फोनकडे पाठ करते.

एक ओळ वाचली. मंडळी म्हणाली, "प्रभो, आमची विनंती ऐक." मीही म्हणालो. माझाच आवाज मला दुसऱ्याचा वाटत होता.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

आईचं उत्तर आलं. भाचीने जसं ऐकलं तसं लिहिलंय. पूर्ण उतरवतो.

"तुमचं पत्र ऐकलं. मध्येच मला हसू आलं, पुष्कळ दिवसांनी आलं, माफ करा. अर्जावर मी दोघींची नावं लिहिली होती. खिडकीतल्या माणसाने माझ्यावर रेघ मारली. तरुण होता. त्याने वर पाहिलं नाही. तेव्हा माझ्यावर रेघ मारणारे तुम्ही पहिले नाही. पण मारली असं येऊन सांगणारे पहिले आहात. याबद्दल तुमच्यावर रागवावं की आभार मानावेत, मला कळत नाही. आज रागावते, आभाराचं नंतर बघू. देव तुमची चिठ्ठी वाचून मग ठरवत असेल तर तुम्ही फारच मोठे गृहस्थ आहात. मला तसं वाटत नाही. पण माणसं ऐकतात. तुमच्या दीडशे माणसांनी अडचण ऐकली. पुढच्या वेळी पूर्ण वाचा."

मी हे हिला वाचून दाखवलं. अर्धं माझ्याने झालं, पुढचं हिने वाचलं.

१५ ऑक्टोबर, बुधवार

सचिवांना भेटलो. पूर्ण पत्र वाचायचं म्हटलं. म्हणाले, "नियम तुम्हीच आणलात. तीन ओळी. आज तुम्ही मोडलात तर उद्या सासू-सुना परत सुरू." माझ्याच हाताने बांधलेल्या गाठीत मी अडकलोय. राजीनामा द्यावा का? दिला तर ती एक ओळही जाईल.

१६ ऑक्टोबर, गुरुवार

वहीतली पेन्सिल भलत्याच पानात सापडली, ११ सप्टेंबरच्या. मी शेवटच्या पानात ठेवतो. वय होत चाललं, दुसरं काय.

ही दोन दिवस सारखी फोनवर आहे. दारात माणसंही येऊन जातात, शिवणकाम करणाऱ्या बाई, कोपऱ्यावरची कॉलेजातली पोरगी. मी खोलीत आलो की बोलणं थांबतं. विचारलं, काय चाललंय? म्हणाली, "बायकांचं."

कर्नलही येऊन गेले. ते कधीपासून बायकांत, कुणास ठाऊक.

१८ ऑक्टोबर, शनिवार

पेटी उघडली. गुडघे तीन, नोकरी एक. आणि त्याखाली सात चिठ्ठ्या, प्रत्येकीवर कोपऱ्यात आकडा. एक ते सात.

पहिली ऑर्गनवाल्या बाईंची, अक्षर ओळखलं. "माझी मुलगी सात वर्षांची आहे. तिच्या रक्तात आजार आहे. औषध भिंतीच्या त्या बाजूला मिळतं." तीन ओळी. दुसरीत गच्चीवरचा लाल दिवा, कॉलेजातल्या पोरीच्या जांभळ्या शाईत. तिसरी शिवणाऱ्या बाईंची, तिच्या मागच्या बाजूला कापडाचं मोजमाप. दोन वेळा जाऊ दिलं, तिसऱ्या वेळी कारण न सांगता अडवलं. चौथी पट्टीने रेघा आखून लिहिलेली, म्हणजे कर्नल. "हा अन्याय आहे." अख्ख्या चिठ्ठीवर एवढंच, बाकी दोन ओळी कोऱ्या. पाचवी छापलेली होती, याला अन्याय म्हणणारं कुणी आम्हाला भेटत नाही. छापायचं यंत्र चर्चच्या कचेरीत आहे आणि कचेरीची किल्ली सचिवांकडे असते. मी त्यांना काही विचारणार नाही. सहावी पाळकसाहेबांची.

सातवीचं अक्षर मी बेचाळीस वर्षं किराणाच्या यादीत बघतोय.

"सुई टोचताना ती माझा अंगठा धरते. दुसऱ्या कुणाचा धरत नाही."

ऑर्गनवाल्या बाईंनीच हे सगळं जुळवून आणलं असणार, मूळ पत्र त्यांच्याकडेच तर होतं. ही आत होती, नळ चालू होता. मी बराच वेळ टेबलाशी बसलो. नियम कुठेच मोडलेला नव्हता.

१९ ऑक्टोबर, रविवार

सातही वाचल्या, ओळीने. प्रत्येक चिठ्ठीनंतर मंडळीने विनंती ऐक म्हणायचं असतं. पहिल्या दोनला म्हणाले. तिसरीनंतर नुसतेच थांबले, मी पुढे वाचू लागलो. पाचव्या चिठ्ठीला सचिव खाली बघत होते. सातवी वाचताना मला ही दिसत नव्हती, पुढच्या बाकावरच्या बाईंच्या डोक्याआड होती, ते बरंच झालं. मग सगळे एकदम म्हणाले.

कर्नलच्या मनगटावर आज घड्याळ नव्हतं. किती वेळ लागला माहीत नाही.

संध्याकाळी भाचीचा निरोप. आईचा अर्ज तिसऱ्यांदा भरलाय. उत्तर नाही.

२३ ऑक्टोबर, गुरुवार

उत्तर नाही.

२९ ऑक्टोबर, बुधवार

तिसरा नकार. कारण दिलेलं नाही.

फिरायला गेलो आणि टाकीपाशी बसून राहिलो. पोस्टापर्यंत चालवेना. मनात काही आलंच नाही, ना माझं, ना तिचं. नुसता बसलो. ही शोधत आली आणि शेजारी बसली. ती एरवी चालायला येत नाही.

३१ ऑक्टोबर, शुक्रवार

दुपारी ऑर्गनवाल्या बाई आल्या. हातात फोन होता, चेहरा फुललेला. भाचीने लिहिलंय, "ताप उतरला. आणि आज सुई टोचताना तिने आपणहून माझा अंगठा धरला. घट्ट धरला. मावशी, चर्चमध्ये सांग, आभार मानायला सांग."

मी हिच्याकडे बघितलं. ही हळूच खुर्चीवर टेकली.

बाई बोलत होत्या, मग त्याही थांबल्या.

खाली आणखी एक ओळ होती, "तिच्या आईला अजून सांगितलेलं नाही. सांगू का?"

मी म्हटलं, ताप उतरल्याचं सांगू दे. तेवढं पुरे. बाकीचं नंतर.

"कापलंत परत," ही म्हणाली. रागाने नाही. मग म्हणाली, "सगळं सांग म्हणावं तिला. तिचं आहे ते."

बाईंनी तसं लिहिलं. अजून उत्तर नाही.

आता रात्र व्हायच्या आत चिठ्ठी लिहून ठेवली, उद्या पेटी उघडायची आहे. "पॅलेस्टाईनमधल्या मुलीचा ताप उतरला. सुई टोचताना तिने सिस्टरचा अंगठा धरला. आई अजून पलीकडेच आहे." तीन ओळीच झाल्या, काही काढावं लागलं नाही. दोन्ही गठ्ठे समोर आहेत. यातल्या कुठल्यात ठेवायची, हे मी हिला विचारलं. तिलाही सांगता आलं नाही.